तापमानावर पैसे लावण्याआधी

काल्शी या अमेरिकी बाजारात एखाद्या शहराचं तापमान किती राहील यावर पैसे लावता येतात. तिथे उतरणार असाल तर सगळ्यात आधी त्या बाजाराची नियमावली वाचा, हवामानाचा अंदाज नंतर बघा. काल्शीवर न्यूयॉर्कच्या कमाल तापमानाचा निकाल सेंट्रल पार्कच्या केंद्रावरून लागतो, शिकागोचा मिडवे विमानतळावरून. मोबाइलमधल्या ॲपचा आकडा तिथे चालत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचा दैनिक अहवाल म्हणेल तेच खरं.

भावाचं गणित सोपं आहे. एखाद्या तापमान-गटाचा 'हो', म्हणजे तापमान त्या गटात येईल या बाजूचा करार, ३५ सेंटला मिळत असेल, तर बाजाराला ती शक्यता साधारण ३५ टक्के वाटते. बरोबर ठरलात तर एक डॉलर, नाहीतर शून्य. शुल्क धरूनच हिशेब करा.

नवा माणूस हमखास अडकतो तो दिवसाच्या हद्दीवर. अहवाल वर्षभर प्रमाण वेळेनेच चालतो. उन्हाळ्यात तिकडची घड्याळं तासभर पुढे असतात, म्हणून अहवालाचा दिवस रात्री १ ते दुसऱ्या रात्री १ असा पडतो. मध्यरात्रीनंतर साडेबाराला पारा घसरला, तर ते किमान तापमान आदल्या दिवसाच्या खात्यात जातं. हे कृपा करून विसरू नका!

हवामान केंद्राच्या दर पाच मिनिटांच्या नोंदींवरही डोळे झाकून विसंबू नका. त्यात तापमान आधी पूर्ण सेल्सिअस अंशात येतं, मग परत फॅरनहाइटमध्ये जातं. खरं तापमान ८० असलं तरी ते २७ सेल्सिअस होतं आणि पडद्यावर ८१ दिसतं. गट दोन-दोन अंशांचे असतात, तेव्हा या एका अंशात अख्खी रक्कम जाऊ शकते.

पहिले काही आठवडे पैसे न लावता रोज सकाळचा भाव आणि दुसऱ्या दिवशीचा अहवाल शेजारी शेजारी लिहून ठेवा.