कॉलम किती ओढू द्यायचा?

तू तुझ्या प्रोग्रॅममधल्या यादीच्या कॉलमची रुंदी पूर्ण गोठवायला निघाला आहेस, ते करू नकोस. नावं लांब असतात, स्क्रीन लहान-मोठे असतात. वापरणाऱ्याला कॉलम ओढता यायलाच हवा. अडवायचं ते फक्त टोकाचं ओढणं. कॉलम शून्यावर गेला की तो दिसतच नाही आणि माणसाला वाटतं, माहितीच उडाली. असे घाबरलेले फोन मी खूप घेतले आहेत.

विंडोज फॉर्म्स म्हणजे विंडोजवरचे प्रोग्रॅम बनवायची एक चौकट. तिच्या लिस्टव्ह्यूमध्ये, म्हणजे यादी दाखवणाऱ्या घटकात, कॉलमला किमान रुंदीची सोय नाही. 'कॉलमविड्थचेंजिंग' हा इव्हेंट, म्हणजे रुंदी बदलत असताना प्रोग्रॅमला मिळणारी सूचना, पकड. नवी रुंदी तुझ्या मर्यादेखाली जात असेल, तर 'न्यूविड्थ'मध्ये मर्यादा भर आणि 'कॅन्सल' ट्रू कर. मग तपासताना फक्त माऊसने ओढून थांबू नकोस. दोन कॉलममधल्या रेषेवर डबल-क्लिक केलं की रुंदी मजकुराप्रमाणे बदलते, आणि कंट्रोलसोबत नंबरपॅडवरचं अधिक दाबलं की सगळेच कॉलम एकदम बदलतात. दोन्ही करून बघ. सेटिंगमधून जुनी रुंदी वाचतानाही तीच मर्यादा लाव, नाहीतर एकदा साठवलेला शून्य पुन्हा परत येईल.

आकडा पिक्सेलमध्ये ठोकून देऊ नकोस. विंडोजमध्ये स्क्रीनवरचं सगळं मोठं करून दाखवायचं प्रमाण असतं, ते स्केलिंग. १०० टक्के स्केलिंगला ६० पिक्सेल पुरत असतील, तर १५० टक्क्यांना ९० लागतात.

डब्ल्यूपीएफ ही अशीच दुसरी चौकट. तिच्या डेटाग्रिडमध्ये, म्हणजे तक्ता दाखवणाऱ्या घटकात, 'मिनविड्थ' आणि 'मॅक्सविड्थ' तयारच मिळतात. कमाल मर्यादा मात्र मी क्वचितच घालतो. रुंद कॉलमला आडवा स्क्रोल असतोच.