डीएनए त्याच अस्वलांचा, मग वंशवृक्ष दोन कसे?

प्रश्न : अलास्काच्या किनाऱ्याजवळील काही बेटांवरची तपकिरी अस्वले डीएनएच्या तपासणीत ध्रुवीय अस्वलांची सख्खी नातलग ठरली आणि पुढे हे नाते चुकीचे ठरले, असे वाचले. डीएनएचा पुरावा असा फिरतो कसा?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पुरावा अजूनही तोच आहे, पण त्यातून त्याच्या आवाक्याबाहेरचा निष्कर्ष काढला गेला होता. ॲडमिरल्टी, बॅरनॉफ आणि चिचागॉफ या बेटांवरील अस्वलांची आधीची तुलना मायटोकॉन्ड्रियातील, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकांतील, डीएनएवर आधारलेली होती. हा डीएनए जेमतेम 17 हजार अक्षरांचा असून तो केवळ आईकडून अखंड येतो; त्यामुळे त्यातली कितीही जनुके तपासली, तरी साक्षीदार एकच राहतो. त्याच्या साक्षीनुसार ध्रुवीय अस्वले सुमारे दीड लाख वर्षांपूर्वी तपकिरी अस्वलांच्याच एका फांदीतून फुटली. 2012 मध्ये पेशीकेंद्रकातील डीएनएचे अनेक तुकडे तपासल्यावर मात्र ध्रुवीय अस्वले ही स्वतंत्र शाखा निघाली आणि फुटीचा काळ सहा लाख वर्षांच्या आसपास गेला.

मग बेटांवरच्या अस्वलांचे काय? 2013 च्या अभ्यासात त्यांच्यातील ध्रुवीय अंश एक्स गुणसूत्रावर सुमारे साडेसहा टक्के, तर इतर गुणसूत्रांवर एक टक्क्याच्या आसपास आढळला, आणि खरी गोम या तफावतीतच आहे. हिमयुगाच्या अखेरीस बर्फ हटल्यावर तेथे अडकलेल्या ध्रुवीय अस्वलांत मुख्य भूमीवरून तपकिरी नर येऊन मिसळत गेले असावेत, असा त्याचा अर्थ लावला जातो. तपकिरी अस्वलांचे नर दूरवर भटकतात, माद्या सहसा जन्मस्थानाजवळच राहतात. साहजिकच केंद्रकातील डीएनए पिढ्यान्‌पिढ्या तपकिरी होत गेला, आईकडून येणारा तेवढा ध्रुवीय राहिला, आणि ज्याच्या तीनपैकी दोन प्रती माद्यांकडे असतात ते एक्स गुणसूत्र मधल्या मध्ये अडकले.

संकर झाला नसला, तरी घोळ होऊ शकतो. गोरिलाच्या जनुकसंचाच्या सुमारे 30 टक्के भागात गोरिला हा माणसाला किंवा चिंपांझीला, त्या दोघांच्या परस्पर नात्यापेक्षाही जवळचा दिसतो. कारण पूर्वजांतील जुने वैविध्य, म्हणजे एकाच जनुकाची वेगवेगळी रूपे, आधी गोरिला आणि मग माणूस-चिंपांझी वेगळे झाले त्या दोन फुटींमधल्या काळात पुरते निवळले नव्हते.

डीएनए वाढवला की हे सारे आपोआप मिटेल, हा समजही भाबडाच म्हणावा लागेल. संकराचा विचार न करणारी गणिती पद्धत लाखो अक्षरांवर चालवली, तर चुकीच्या फांदीलाही 100 टक्के पाठबळ मिळू शकते, कारण तो आकडा त्या पद्धतीचे उत्तर किती स्थिर आहे एवढेच मोजतो.