'प्रादेशिक' सहकार्य आणि 'प्रादेशिक' समुद्र: हद्द, सीमा, क्षेत्र यांचा नेमका वापर

सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. तिच्या नोट्समधलं वाक्य असं: "आसियान देशांनी प्रादेशिक सहकार्यासाठी प्रादेशिक वाद चर्चेने सोडवावेत व एकमेकांच्या प्रादेशिक समुद्राचा आदर करावा." (आसियान म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांची संघटना.) यातले तिन्ही 'प्रादेशिक' एकाच अर्थाचे आहेत का? 'सागरी हद्द', 'सागरी सीमा' आणि 'सागरी क्षेत्र' एकमेकांच्या जागी चालतात का? आणि 'आर्थिक एकीकरण' म्हणावं की 'एकात्मता'?

तिन्ही 'प्रादेशिक' एक नाहीत. पहिल्यात अनेक देशांचा मिळून होणारा टापू अभिप्रेत आहे, तिसऱ्यात एकाच राष्ट्राच्या सत्तेखालचा भाग. दुसरा दोन्हींकडे झुकतो: टापूतले वाद की भूभागावरून पेटलेले वाद, हे वाक्यावरून कळतच नाही. मराठीत हे दोन्ही अर्थ रुळलेले आहेत. संगम पुलाजवळचं प्रादेशिक परिवहन कार्यालय पहिल्या अर्थाचं, 'प्रादेशिक अखंडता' दुसऱ्या अर्थाची. एरवी संदर्भ अर्थ सांभाळून नेतो. शेजारी देशांच्या सहकार्यावर लिहिताना मात्र दोन्ही अर्थ एकाच परिच्छेदात येतात आणि घोटाळा होतो.

त्यामुळे 'प्रादेशिक' हा शब्द सहकार्यासाठी राखून ठेवावा. राज्यघटनेच्या मराठी पाठात देशाच्या भूमीसाठी 'राज्यक्षेत्र' हा शब्द आहे. त्यावरून 'राज्यक्षेत्रीय समुद्र' म्हणता येईल. शब्द जड आहे, पण संदिग्ध नाही. पाठ्यपुस्तकी 'प्रादेशिक समुद्र'च वापरायचा असेल, तर पहिल्या उल्लेखापाशी '१२ सागरी मैल' हा आकडा लिहावा. वाक्य असं होईल: "आसियान देशांनी प्रादेशिक सहकार्यासाठी बेटांच्या मालकीचे व सागरी सीमांचे वाद चर्चेने सोडवावेत आणि एकमेकांच्या सागरी हक्कांचा आदर करावा." शेवटी 'हक्क' आणला, कारण दक्षिण चीन समुद्रातला बराचसा तंटा १२ मैलांच्या पलीकडचा आहे.

आता हद्द, सीमा, क्षेत्र. इथे शब्द चुकला की कायदाही चुकतो, म्हणून जरा सविस्तर लिहिणं भाग आहे.

समुद्राचे पट्टे १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराने ठरवले. तो १९९४ पासून लागू आहे. भारताचा स्वतःचा सागरी क्षेत्रांचा कायदा त्याआधीचा, १९७६ चा. मोजणी पायारेषेपासून होते, म्हणजे साधारणपणे ओहोटीच्या रेषेपासून. तिथून १२ सागरी मैलांपर्यंत (सुमारे २२ किलोमीटर) राज्यक्षेत्रीय समुद्र. इथे किनारी राष्ट्राचं सार्वभौमत्व चालतं, परक्या जहाजांना फक्त निरुपद्रवी मार्गक्रमणाची, म्हणजे शांततेला बाधा न आणता पार होण्याची, मुभा असते. २४ मैलांपर्यंत संलग्न क्षेत्र; तिथे सीमाशुल्क, आप्रवासन, आरोग्य अशा नियमांच्या भंगाविरुद्ध कारवाई करता येते. २०० मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र: मासे, तेल, वायू, वारा आणि लाटांपासूनची ऊर्जा यांवर त्या राष्ट्राचा हक्क, पण जहाजं आणि विमानं सगळ्यांची जाऊ शकतात. पाण्याखालच्या जमिनीचा, म्हणजे भूखंडमंचाचा, हिशेब वेगळा असतो आणि भूरचना तशी असेल तर तो २०० मैलांच्याही पुढे जातो.

'हद्द' म्हटलं की मराठी माणसाला आतली जागा आपली असं कळतं: गावाची हद्द, पोलीस ठाण्याची हद्द. म्हणून हा शब्द १२ मैलांपर्यंतच शोभतो. मासेमारीच्या बाबतीत 'महाराष्ट्राची सागरी हद्द' हेही बरोबर, कारण राज्यक्षेत्रीय समुद्रातली मासेमारी राज्याच्या आणि त्यापलीकडची केंद्राच्या अखत्यारीत आहे. 'सीमा' ही दोन शेजाऱ्यांमधली रेषा. भारत आणि श्रीलंका यांनी १९७४ आणि १९७६ च्या करारांनी आखली ती सागरी सीमा. 'क्षेत्र' म्हणजे ठरावीक हक्कांचा पट्टा. त्यात मालकी गृहीत नाही.

एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकी नौदलाची 'जॉन पॉल जोन्स' ही विनाशिका लक्षद्वीपच्या पश्चिमेला सुमारे १३० सागरी मैलांवरून, भारताच्या संमतीविना गेली. याला 'भारताच्या हद्दीत घुसखोरी' म्हणणं चूक, कारण ते अनन्य आर्थिक क्षेत्र होतं. तिथे लष्करी सराव व हालचालींना, विशेषतः शस्त्रं वापरून केलेल्या, किनारी राष्ट्राची संमती लागते असं भारत म्हणतो. अमेरिकेला ते मान्य नाही. वाद नेमका या मुद्द्यावर आहे, आणि 'घुसखोरी' शब्द वापरला की तोच दिसेनासा होतो.

सगळ्यात जास्त आढळणारी आणि सगळ्यात घातक चूक म्हणजे या पट्ट्याला 'विशेष आर्थिक क्षेत्र' म्हणणं. विशेष आर्थिक क्षेत्र म्हणजे सेझ, उद्योगांना सवलती देणारा जमिनीवरचा भाग. हिंजवडीच्या आयटी कंपन्या ज्यात बसतात ते. समुद्रातलं ते 'अनन्य', म्हणजे इतर कुणाचा वाटा नसलेलं. परीक्षेत या एका शब्दावर गुण जातात, आणि भाषांतरित करारात गेला तर अर्थ पार उलटतो.

दुसरी चूक मैलाची. सागरी मैल १,८५२ मीटरचा, जमिनीवरचा सुमारे १,६०९ मीटरचा. २०० सागरी मैल म्हणजे ३७० किलोमीटर. जमिनीच्या मैलाने गुणलं तर ३२२ येतात. जवळजवळ ५० किलोमीटर समुद्र हिशेबातून नाहीसा होतो. नुसतं 'मैल' लिहू नये. निदान पहिल्यांदा तरी 'सागरी मैल' लिहावं.

तिसरी जोडी 'सार्वभौमत्व' आणि 'सार्वभौम हक्क'. राज्यक्षेत्रीय समुद्रात सार्वभौमत्व, अनन्य आर्थिक क्षेत्रात आणि भूखंडमंचावर फक्त साधनसंपत्तीपुरते सार्वभौम हक्क. फिलिपिन्सने चीनविरुद्ध नेलेल्या खटल्यात १२ जुलै २०१६ रोजी जो लवादी निवाडा आला, त्याने बेटं कुणाची हे ठरवलंच नाही. चीन दक्षिण चीन समुद्रावरच्या दाव्यासाठी नकाशावर जी नऊ तुकड्यांची रेषा दाखवतो, तिच्यातल्या ऐतिहासिक हक्कांना सागरी कायदा करारात आधार नाही, आणि त्याच समुद्रातल्या स्प्रॅटली बेटसमूहातल्या एकाही भूरूपाला २०० मैलांचा पट्टा मिळत नाही, एवढं सांगितलं. कारण माणसांची वस्ती किंवा स्वतःचं अर्थजीवन पेलू न शकणाऱ्या खडकाला १२ मैलच मिळतात, आणि फक्त ओहोटीला उघड्या पडणाऱ्या उंचवट्याला स्वतःचं काहीच नाही. म्हणून 'न्यायाधिकरणाने बेटे फिलिपिन्सला दिली' हे वाक्य चूक आहे. 'बेट', 'खडक' आणि 'ओहोटीचा उंचवटा' हे तीन शब्दही अदलाबदल करायचे नाहीत.

पाणी एकाचं आणि तळ दुसऱ्याचा असंही होऊ शकतं. ७ जुलै २०१४ च्या लवादी निवाड्यात भारत आणि बांगलादेश यांच्यातल्या २५,६०२ चौरस किलोमीटर वादग्रस्त समुद्रापैकी १९,४६७ बांगलादेशाकडे गेले. त्यातच एक 'करडा पट्टा' उरला: तिथला तळ बांगलादेशाचा, वरचं पाणी भारताच्या अनन्य आर्थिक क्षेत्रातलं. तेल काढायचं तर बांगलादेश, मासे पकडायचे तर भारत. अशा ठिकाणी 'हद्द' हा शब्द लावून पाहा, कुणाची म्हणणार?

सहकार्य आणि सीमावाद एकत्र येतात ते 'संयुक्त विकास क्षेत्रा'त. मलेशिया आणि थायलंड यांनी १९७९ मध्ये थायलंडच्या आखातातला सुमारे ७,२५० चौरस किलोमीटरचा वादग्रस्त तळ तसाच ठेवला, दावे कायम ठेवले आणि तिथल्या वायूचं उत्पन्न व खर्च निम्मा निम्मा वाटून घेण्याचं ठरवलं. याला 'तोडगा' म्हणू नये, 'तात्पुरती व्यवस्था' म्हणावं. सीमा अजून आखलेली नसते.

एकीकरणाबद्दल थोडक्यात. 'एकात्मता' ही भावनेची, म्हणून 'राष्ट्रीय एकात्मता'. संस्थानांचं झालं ते 'विलीनीकरण', तिथे जुनं अस्तित्व संपतं. बाजारपेठा टप्प्याटप्प्याने जोडण्याला 'आर्थिक एकीकरण'च योग्य. टप्प्यांची नावं जपावीत. मुक्त व्यापार क्षेत्रात आपापसातलं शुल्क उतरतं, पण बाहेरच्यांवरचं शुल्क ज्याचं त्याचं राहतं. सीमाशुल्क संघात तेही एक होतं. सामाईक बाजारपेठेत भांडवल आणि श्रमही मोकळे फिरतात. सार्क या दक्षिण आशियाई संघटनेतल्या देशांचा २००६ पासून लागू झालेला 'साफ्टा' हा मुक्त व्यापार क्षेत्राचा करार पहिल्या टप्प्याचा. आसियानने २०१५ च्या अखेरीस आर्थिक समुदाय जाहीर केला, तरी तो सीमाशुल्क संघ नाही. जुनी अर्थशास्त्राची पुस्तकं 'जकात संघ' म्हणतात. ते चूक नाही, पण पुण्यात जकात म्हटलं की २०१३ पर्यंत चालू असलेले महापालिकेचे नाके आठवतात, म्हणून 'सीमाशुल्क' बरं.

न विचारलेली एक गोष्ट सांगणं जरुरीचं वाटतं, कारण हिंदीवरून घेतलेल्या नोट्समध्ये ती हमखास बिघडते. हिंदीतली 'खाड़ी' म्हणजे आपला उपसागर किंवा आखात. मराठीतली खाडी म्हणजे भरतीचं पाणी आत शिरणारा चिंचोळा फाटा. त्यामुळे बंगालचा 'उपसागर', मन्नारचं 'आखात', 'आखाती' देश, पाल्कची 'सामुद्रधुनी'. कच्छ आणि सिंध यांच्यामधली ९६ किलोमीटरची सर क्रीक मात्र खरोखरच 'खाडी' आहे. तिथला वाद मुंबई सरकारच्या १९१४ च्या ठरावाच्या अर्थावरून आहे: सीमा पूर्व काठाने जाते असं पाकिस्तान म्हणतो, प्रवाहाच्या मध्यातून जाते असं भारत. या खाडीच्या मुखाशी सीमेचा बिंदू कुठे धरायचा हे ठरल्याशिवाय दोन्ही देशांची अरबी समुद्रातली सागरी सीमा आखता येत नाही.