वरात लग्नाआधी की नंतर?

प्रश्न असा: दादरच्या एका लग्नपत्रिकेत ‘सायं. ५ वा. वरात, ६ वा. ४० मि. गोरज मुहूर्त’ असं छापलं आहे. मराठीत वरात लग्नाआधी निघते का? आणि पेशवाईतल्या लग्नखर्चाच्या कागदांत ‘वरात’ दिसते, ती हीच का?

पत्रिकेतला शब्द चुकलाच आहे. मराठी वरात लग्न लागल्यावर निघते, नवरीच्या मांडवातून नवऱ्याच्या घराकडे, आणि तीत नवरी असते. हिंदीतली बारात बरोबर उलट्या दिशेची, नवरीला आणायला निघालेली. मूळ दोघींचं एकच, संस्कृत ‘वरयात्रा’, म्हणून तर घोटाळा होतो. मुंबईत हिंदी सिनेमानं त्यात भर घातली.

लग्नाआधी नवरदेव निघतो त्याला पोथीतला शब्द ‘वरप्रस्थान’. देशावर ‘परण्या’ म्हणतात, आणि गुजराती शेजारामुळे ‘वरघोडा’ही मुंबईकराच्या कानावरचा. पत्रिकेत यांतलं काही जड वाटलं तर सरळ ‘नवरदेवाची मिरवणूक’ लिहावं.

राजघराण्यांच्या थाटातही क्रम हाच. वऱ्हाड वेशीवर आलं की सीमांतपूजन, मग जानवसघरी मुक्काम. तिथून नवरदेव वाजतगाजत मांडवात येणार, मधुपर्क, अंतरपाट, मंगलाष्टकं, होम, सप्तपदी, आणि सगळं आटोपल्यावर वरात. ती बहुधा रात्रीच, म्हणून मशाली, चंद्रज्योती, दारूकाम हा सगळा सरंजाम तिच्यासाठी. मशालजीच्या एका हातात मशाल, दुसऱ्यात तेलाचा बुधला. चालता चालता चिंध्यांवर तेल ओतत राहायचं, नाहीतर मशाल मध्येच विझणार. जुनं चित्र बघताना हत्तीवर एकटा नवरा दिसला तर खाली ‘वरात’ लिहू नये. आसनाला छत असेल तर अंबारी, उघडं असेल तर हौदा. ही गल्लतही चित्रांखाली नेहमीची.

आता कागदांतली वरात. १७८३ साली पुण्यात सवाई माधवरावांचं लग्न झालं, तसल्या समारंभांच्या हिशेबांत हा शब्द आला की वाचणारा हत्ती-घोडे डोळ्यांपुढे आणतो. पण पेशव्यांच्या सरकारी दप्तरातली वरात बऱ्याचदा पैशाची असते: अमुक परगण्याच्या, म्हणजे महसुली विभागाच्या, वसुलातून तमुक माणसाला इतके रुपये द्यावेत, असा लेखी हुकूम. तो घेऊन वसुलाला जाणारा वरातदार. हा शब्द अरबी ‘बरात’वरून फारसीमार्गे आला, वरयात्रेशी त्याचं काही नातं नाही. दोन्ही स्त्रीलिंगी, मोडीत लिहायचे सारखेच, त्यामुळे नुसत्या अक्षरांवरून कळत नाही.

ओळखायचं ते क्रियापदावरून. वरात ‘निघाली’, ‘मिरवली’, ‘घरी आली’ तर मिरवणूक. ‘दिली’, ‘केली’, आणि शेजारी रक्कम व परगण्याचं नाव असेल तर पैसा. ‘मशालजी यांस वरात’ अशी नोंद असली तर मशालजी वरातीत होता असं म्हणण्याची घाई नको, त्याची मजुरी कुठल्या महालावर, म्हणजे कुठल्या महसुली भागाच्या वसुलावर, लावली ते आधी बघावं.

उरली पत्रिका. ‘सायं. ५ वा. वरप्रस्थान’ एवढी दुरुस्ती पुरे. खरी वरात छापायचीच असेल तर हॉलवरून निघण्याची वेळ जरा आधीची धरावी. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद, आणि गृहप्रवेशाचं माप ओलांडेपर्यंत बँडवाले थांबतील याची खात्री नाही.