व्हिसा नाकारला, मुलाला परत बोलवावे का?

परदेशात मुलाचा व्हिसा नाकारला गेला, आता त्याला ताबडतोब परत बोलावून घ्यावे का, हा प्रश्न बडोद्यातील पालक मला वारंवार विचारतात. दांडिया बाजारातल्या एक काकू आल्या, तेव्हा त्यांचा मुलगा ऑस्ट्रेलियात डिझेल मेकॅनिक होता आणि गॅरेजमालकाने पुरस्कृत केलेल्या तात्पुरत्या कामाच्या व्हिसासाठी त्याने तिथूनच अर्ज केला होता. "आमच्याच मुलाचं काहीतरी कमी पडलं असणार," असे त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

मी निर्णयाचे पत्र वाचायला घेतले. या व्हिसाला तीन पायऱ्या असतात: मालकाला प्रायोजक म्हणून मान्यता, त्या पदाचे नामांकन, म्हणजे ते पद त्या कामगाराला देण्यासाठी मालकाने मागितलेली मंजुरी, आणि शेवटी कामगाराचा व्हिसा. इथे अडले होते ते नामांकन, कारण देऊ केलेला पगार तिथल्या बाजारदराइतका असल्याचा पुरेसा पुरावा मालकाने दिला नव्हता; नामांकन मान्य नाही, म्हणून पाठोपाठ व्हिसाही नाकारला गेला. मुलाच्या कौशल्याविषयी किंवा कागदपत्रांच्या खरेपणाविषयी त्यात आक्षेप नव्हता. हे मी काकूंना मुद्दाम वाचून दाखवले, कारण अशा वेळी घरात मुलालाच दोष दिला जातो आणि तो तिथे एकटा ते सोसत राहतो.

परत बोलावण्यापासून मात्र मी त्यांना ठामपणे परावृत्त केले. १४ ऑक्टोबर २०२४ पासून अशी अपिले ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रिब्यूनल या सरकारी निर्णय फेरतपासणाऱ्या तिथल्या न्यायाधिकरणाकडे जातात आणि मुलाच्या प्रकारच्या नकाराविरुद्ध अपील दाखल करताना अर्जदार ऑस्ट्रेलियातच असावा लागतो. मुदत २८ दिवसांची असते, ती वाढवून मिळत नाही, आणि नकाराचा ईमेल एजंटाच्या पत्त्यावर गेला असला, तरी तो पाठवल्याच्या दिवशीच मिळाला असे धरले जाते. शिवाय मुलाचे अपील एकट्याच्या बळावर टिकत नाही: नामांकन मान्य नसेल, तर त्याविरुद्ध मालकाचे स्वतःचे अपील प्रलंबित असावे लागते, आणि मालकाची मुदत तर आधीच सुरू झालेली होती. म्हणून मालकाशी त्याच दिवशी बोलण्यास आणि तिथल्या नोंदणीकृत मायग्रेशन एजंटाला गाठण्यास मी मुलाला फोनवर सांगितले. ट्रिब्यूनल प्रकरण नव्याने तपासते, त्यामुळे पगाराचे राहून गेलेले पुरावे तिथे देता येतात.

"मग दिवाळीला तरी येऊ दे," असे काकू म्हणाल्या. अपील प्रलंबित असेपर्यंत तो ब्रिजिंग व्हिसा 'ए'वर, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या व्हिसावर, कायदेशीरपणे राहू शकतो, परंतु देश सोडताच तो व्हिसा संपतो. जाऊन परतायचे असेल तर निघण्यापूर्वी ब्रिजिंग व्हिसा 'बी' घ्यावा लागतो. काम करण्याची मुभा ब्रिजिंग व्हिसाच्या अटींवर अवलंबून असते, म्हणून त्या अटी तपासल्याशिवाय गॅरेजमध्ये पाऊल ठेवू नकोस, असेही मी मुलाला बजावले. मालकाने आणि त्याने दोन्ही अपिले मुदतीत दाखल केली असून निकालाला बराच अवधी लागेल, याची कल्पना मी काकूंना दिली आहे.