वेगळं वाद्य करायचंय? आधी कान कुठे अडतोय ते सांग

अगं, तू बनवलेल्या तीन वाद्यांचे तिन्ही व्हिडिओ बघितले. पीव्हीसी पाइपचं वाद्य दिसायला एक नंबर झालंय, पण 'माझी वेगळी स्टाइल कशी सापडेल' हा तुझा प्रश्न मला जरा खटकला. आधी कानाला काय खुपतंय ते बघ, स्टाइल मागून येते. स्वतःची वाद्यं बनवणारा अमेरिकन संगीतकार हॅरी पार्च ऐकलायस का? नसेल तर आज हेडफोन लावून ऐक, पहिली पाच मिनिटं डोकं उठेल, उठू दे.

हा कॅलिफोर्नियाचा, जन्म १९०१. त्याचं भांडण पियानोशी. पियानोत सप्तकाचे १२ सारखे तुकडे केलेत, त्यामुळे बरेचसे स्वर जागेवरून थोडे थोडे हललेले. तंबोरा नीट जुळवून बस, खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप बोलायला लागला की पेटीचा शुद्ध गंधार त्यावर धर. साधारण १४ सेंट (स्वरांतलं अंतर मोजायचं माप) चढा लागेल, पेटीच्या दोन शेजारच्या स्वरांत १०० सेंट असतात, म्हणजे फरक तसा बारीकच, पण एकदा टोचला की टोचतच राहतो. पार्चला तो टोचला, शिवाय बोलताना आपला आवाज जसा वर-खाली होतो तसाच त्याला गाण्यात हवा होता आणि तो १२ स्वरांत मावेना. मग गडी सप्तकात ४३ स्वर घेऊन बसला. १९३० मध्ये आधीचं सगळं संगीत त्याने शेगडीत घातलं (तू हार्ड डिस्क जपून ठेव).

आता ४३ स्वर वाजवायचे कशावर? दुकानात तसं काही मिळतच नाही, म्हणून त्याची वाद्यं आली, हौस म्हणून नाही. व्हायोलाला (व्हायोलिनचा थोडा मोठा भाऊ) चेलोची, म्हणजे त्याहून बऱ्याच मोठ्या तंतुवाद्याची, बोटं ठेवायची लांब पट्टी बसवली. पायपेटीसारखा ऑर्गन घेऊन रीड नव्याने लावले, त्यात एक सप्तक पट्ट्यांवर नेहमीच्या तिपटीहून जास्त लांब पसरतं. बर्कलेच्या रेडिएशन लॅबमधले काचेचे मोठे बुधले कापून टांगले नि वाजवले, त्यातला एक फुटला की तोच स्वर देणारा दुसरा शोधत बसा. मंदीच्या काळात तो स्वतः बेघर भटकलेला, त्यामुळे बारस्टो गावाजवळ हायवेच्या कठड्यावर लिफ्ट मागणाऱ्यांनी खरडलेले आठ मजकूर दिसले तर त्यांनाच १९४१ मध्ये संगीत दिलं. कुणी पत्ता लिहिलेला, कुणी नुसती कटकट. ते नक्की ऐक, बोलणं कुठे संपतं नि गाणं कुठे सुरू होतं कळत नाही.

आपल्याकडे १९१० च्या सुमारास देवल आणि क्लेमेंट्स या संगीताच्या अभ्यासकांनी २२ श्रुतींची, म्हणजे सप्तकात २२ बारीक स्वर असलेली पेटी करवून घेतलीच होती की. पण गवयांच्यात ती रुळली नाही, माझ्या मते कारण साधं आहे, गवई ते स्वर गळ्यातून लावतच होते, त्यांचं कुठे अडलं होतं?

पार्चचं सगळंच मला पटतं असं नाही हं. त्याचं संगीत त्या वाद्यांवाचून अडतं आणि ती न्यायची म्हणजे ट्रक लागतो.

तर तुझ्याबद्दल. चौथं वाद्य लगेच नको. तुला जो आवाज हवाय आणि कशावरच मिळत नाहीये तो तोंडाने गाऊन रेकॉर्ड कर, भले भयंकर वाटो. मग पाइप घे आणि थोडा लांबच ठेवून जरा जरा कापत जा, आखूड झाला की स्वर चढतो आणि परत उतरवता येत नाही, प्रत्येक माप वहीत लिही. आणि यावेळी व्हिडिओ नको, नुसता ऑडिओ पाठव.