मूठ उघडायची कशी आणि कशासाठी

पक्षाघातानंतर आखडलेल्या हाताबद्दल वाचकांकडून आलेले काही प्रश्न या वेळी घेते आहे. बहुतेक घरच्यांनी लिहिलेत, एक मात्र रुग्णाने स्वतः डाव्या हाताने टाइप करून पाठवलाय. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. औषधांविषयी इथे जे लिहिते आहे ते तुमच्या डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावं म्हणून. गोळी सुरू करणं किंवा बंद करणं त्यांच्या सल्ल्यानेच.

प्रश्न : यजमानांना चार महिन्यांपूर्वी उजव्या बाजूला लकवा मारला. सुरुवातीला हात अगदी लोंबत होता. नंतर त्यात जोर यायला लागला तसे आम्ही खूश झालो. आता कोपर दुमडून हात छातीशी येतो, मूठ उघडतच नाही. जांभई आली की हात आपोआप वर जातो, पण ‘उचला’ म्हटलं तर बोटही हलत नाही. ही सुधारणा समजायची का? (गिरगाव)

जोर आलाय हे खरं, पण त्यावर यजमानांचा ताबा अजून आलेला नाही. घरी ही गोष्ट सगळ्यांना समजावून सांगा, कारण यातूनच पुढे खूप गैरसमज होतात.

स्नायू ताणला गेला की तो लगेच आवळायचा, ही सोय आपल्या मज्जारज्जूत जन्मतः असते. एरवी मेंदू तिला सतत दाबून ठेवतो. पक्षाघातात मेंदूकडून खाली येणारे तंतू निकामी झाले की दोन गोष्टी बिघडतात. हात हलवण्याचा आदेश पोचत नाही, आणि आवळण्याच्या त्या सोयीवरचा लगामही सुटतो. पहिले काही दिवस किंवा आठवडे हात सैल राहतो, मग हळूहळू कडक होत जातो. हाताला दुमडणारे स्नायू वरचढ ठरतात, म्हणून बहुतेकांचा हात एकाच ठेवणीत जातो: दंड अंगाला चिकटलेला, कोपर वाकलेलं, मनगट खाली झुकलेलं, अंगठा मुठीत.

सिग्ने ब्रुनस्ट्रॉम या फिजिओथेरपिस्टने विसाव्या शतकात या प्रवासाचे टप्पे मांडले. आधी सैलपणा, मग कडकपणा, मग एकमेकींत बांधलेल्या हालचाली आणि शेवटी सुट्या हालचाली. सगळेच रुग्ण शेवटपर्यंत पोचतात असं नाही. त्यामुळे हात कडक झाला याचा आनंदही करू नका आणि धसकाही घेऊ नका. लक्ष ठेवायचं ते दुसरीकडे: बोटं स्वतःहून उघडण्याची हालचाल दिसते का? मनगट स्वतःहून जरा तरी वर येतं का? हातावर नजर ठेवून, शांतपणे, दिवसातून काही वेळा प्रयत्न करायला सांगा. सूतभर हालचाल दिसली तरी थेरपिस्टला सांगा. आमचं पुढचं सगळं काम तिथून सुरू होतं.

जांभईबद्दल. जांभईचा आदेश मेंदूच्या खालच्या, जुन्या भागातून येतो. मुद्दाम हात उचलण्याचा मार्ग वेगळा आहे आणि यजमानांचा तोच तुटला आहे. तेव्हा ‘जांभईला उचलता, मग आता काय झालं? मनावरच घेत नाही तुम्ही’ असं कृपा करून कोणी म्हणू नका. त्यांनी मनावर घेतलेलंच आहे.

प्रश्न : भावाच्या हाताला रोज सकाळी मालिशवाले काका येतात. गरम तेल लावून बोटं जोर लावून सरळ करतात. भाऊ कळवळतो. शिवाय कोणीतरी दाबायला रबरी बॉल दिलाय, तो दिवसभर दाबत बसतो. योग्य आहे का? (लालबाग)

जोर लावून सरळ करणं आजच थांबवा. या कडकपणाला आम्ही स्पॅस्टिसिटी म्हणतो. तिचा स्वभावच असा आहे की जितक्या वेगाने ताणाल तितका स्नायू उलट आवळतो. टॅक्सीतला सीट बेल्ट हिसका दिला की अडकतो आणि हळू ओढला की येतो, तसंच हे. हिसक्याने सांधे दुखावतात, हात सुजतो, आणि दुखण्यामुळे कडकपणा आणखी वाढतो.

मूठ उघडायची पद्धत अशी: भावाला बसवा, हात उशीवर किंवा टेबलावर ठेवा. मनगट आधी आणखी खाली वाकू द्या. असं केलं की बोटांचे स्नायू सैल पडतात. मग अंगठा टोकाला न धरता मुळाशी, मांसल भागाला धरून हळूच बाहेर घ्या. त्यामागून बोटं उलगडतील. बोटं उघडी ठेवूनच मनगट सावकाश वर आणा आणि तसंच थोडा वेळ धरून ठेवा. दुखलं तर मागे या.

हळू ताणूनही बोटं एका ठरावीक जागी घट्ट अडकत असतील, तर स्नायू आणि सांध्याभोवतीची ऊती आखूड झाली असण्याची शक्यता आहे. त्याला आम्ही कॉन्ट्रॅक्चर म्हणतो. त्याचा उपाय वेगळा असतो, म्हणून थेरपिस्टकडून तपासून घ्या.

हलक्या हाताने केलेली मालिश चालेल, बरं वाटतं. पण तेल कोमट हवं, आणि ते आधी चांगल्या हातावर पाहा. बऱ्याच रुग्णांच्या त्या हाताला गरम-थंड नीट कळत नाही. शेकाच्या पिशवीने भाजून फोड आलेले हात मी अनेकदा पाहिले आहेत. रुग्णाला पत्ताच नसतो.

बॉल मात्र बाजूला ठेवा. आधीच आवळणाऱ्या हाताला दाबायचा सराव कशाला? त्याला शिकायचंय सोडायला. कपडे वाळत घालायचा चिमटा उचलून डब्यात टाकणं, टेबलावरचा रुमाल तळहाताने पुढे सरकवणं, पाण्याची रिकामी बाटली धरून मग मुद्दाम सोडणं, असं काही द्या.

प्रश्न : सासऱ्यांना बॅक्लोफेन सुरू आहे. ते दिवसभर झोपेतच असतात, चालताना पायही लटपटतात. आता डॉक्टर बोटॉक्सचं इंजेक्शन सुचवतात. ते विष असतं ना? खर्चही मोठा आहे. एकदा दिलं की हात कायमचा सुटेल का? (मुलुंड)

आधी गोळीबद्दल. बॅक्लोफेन, टिझानिडिन ही कडकपणा कमी करणारी औषधं सगळ्या शरीरावर काम करतात. झोप येणं, अशक्तपणा वाटणं, टिझानिडिनने रक्तदाब उतरणं हे परिणाम ठाऊक असलेले आहेत. कधी कधी तर पायातला कडकपणाच माणसाला उभं राहायला मदत करत असतो. तो काढून घेतला की गुडघा वाकतो. लटपटण्याबद्दल डॉक्टरांना अवश्य सांगा. पण बॅक्लोफेन एकदम बंद करू नका. अचानक थांबवल्याने आकडी (फिट) येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. डोस हळूहळू, डॉक्टर सांगतील तसाच उतरवायचा. पावसाळ्यात पाणी तुंबून दुकानं बंद राहण्याचे दिवस मुंबईत येतातच, म्हणून आठवडाभराच्या गोळ्या घरात जास्तीच्या असू द्या. टिझानिडिन चालू असताना सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक घ्यायचं नसतं. लघवीच्या संसर्गावर ते सर्रास लिहून दिलं जातं, तेव्हा कुठल्याही नव्या डॉक्टरांना आधी चालू गोळ्यांची चिठ्ठी दाखवा.

आता इंजेक्शन. बोटुलिनम टॉक्सिन मुळात एका जिवाणूचं विष आहे हे खरं, पण इथे ते अगदी मोजक्या मात्रेत, निवडलेल्या स्नायूतच देतात. तिथे मज्जातंतूकडून स्नायूला मिळणारा रासायनिक निरोप थांबतो आणि तेवढा स्नायू सैल पडतो. परिणाम काही दिवसांत सुरू होतो, काही आठवड्यांत पूर्ण दिसतो आणि साधारण तीन-चार महिन्यांत ओसरतो. कायमचं काहीच होत नाही. पुन्हा द्यायचं तर निदान 12 आठवड्यांचं अंतर ठेवतात.

पैसे भरण्याआधी मला महत्त्वाचं वाटतं ते असं. इंजेक्शन कडकपणा कमी करतं, नवी ताकद देत नाही. तळहात धुता यावा, नखं कापता यावीत, सदऱ्याच्या बाहीत हात जावा, दुखणं कमी व्हावं, यासाठी ते चांगलं काम करतं. सासऱ्यांनी त्या हाताने पेला उचलावा अशी आशा असेल, तर बोटं स्वतःहून उघडण्याची थोडी तरी चिन्हं आधीच दिसायला हवीत. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, ‘यानंतर बाबांना नेमकं काय करता येईल?’ उत्तर एका कामाच्या रूपात मिळालं, तर पुढे जा. ‘बघू, फरक पडेल’ एवढंच मिळालं, तर थांबून आणखी एक मत घ्या. त्या तीन-चार महिन्यांत थेरपी जोरात चालवायची तयारी नसेल तर खर्चाचा अर्धाअधिक उपयोग वाया जातो, असं माझं ठाम मत आहे.

खर्च झेपत नसेल तर हाजी अलीची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन ही केंद्र सरकारची, याच कामासाठीची संस्था आहे. केईएम, नायर, सायन ही पालिकेची रुग्णालयंही आहेतच. केईएममध्ये 1950 मध्ये कमला निंबकर यांनी व्यवसायोपचाराचं, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीचं, शिक्षण सुरू केलं. तेव्हापासून या शहरात हात शिकवणाऱ्यांच्या पिढ्या तयार झाल्या आहेत. रांगा मोठ्या असतात, पण काम जाणकार हातांखाली होतं.

प्रश्न : आईचा डावा खांदा फार दुखतो. ब्यूरोची मावशी तिला काखेत हात घालून उठवते. (ठाणे)

कारण बहुधा तुम्हीच लिहिलंय. कमजोर स्नायूंमुळे खांद्याचं हाड खोबणीतून थोडं खाली उतरलेलं असतं. त्यात काखेतून उचललं किंवा हाताला धरून ओढलं की आतल्या भागांना इजा होते. मावशींना दोष देऊ नका, त्यांना हे कोणी शिकवलेलंच नसतं. आईला पुढे वाकवून, कमरेला किंवा पाठीमागून खांद्याच्या फऱ्याला आधार देऊन उठवायचं. एकदा थेरपिस्टला घरी बोलवा आणि मावशींना समोर उभं करून शिकवा. बसताना हात उशीवर, मांडीवरून खाली लोंबू द्यायचा नाही. ब्लाऊज किंवा गाऊन घालताना दुखरा हात आधी, काढताना तोच शेवटी. छताला दोरी-कप्पी बांधून हात वर ओढायचा व्यायाम चालू असेल तर बंद करा, त्याने असे खांदे आणखी दुखतात. हात सुजून लाल, चकचकीत झाला असेल, नुसत्या स्पर्शानेही दुखत असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : वडिलांचा हात ठीक चालला होता. गेल्या आठवड्यात एकाएकी जास्त आखडला. पुन्हा अटॅक आला असेल का? (परळ)

तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, नवी अशक्तता असं काही अचानक झालं तर क्षणही न घालवता रुग्णालय गाठायचं. गुठळी विरघळवणारं औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.

यातलं काही नसेल, तर शरीरात कुठेतरी काहीतरी टोचतंय का ते शोधा. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, पाठीवरची जखम, मांसात घुसलेलं नख, घट्ट बूट, अपुरी झोप, थंडी, यांतल्या कशानेही स्पॅस्टिसिटी वाढते. वडिलांना ते दुखणं जाणवत नसेल किंवा सांगता येत नसेल. मूळ कारण गेलं की हात बहुधा पूर्वपदावर येतो. गोळीचा डोस वाढवण्याआधी एवढं तपासून घ्या.

प्रश्न : झटका येऊन दोन वर्षं झाली. उजवा हात वाकडा, पण दोन बोटं आणि मनगट थोडं हलतं. सगळे म्हणतात, सहा महिन्यांत व्हायचं ते झालं. मी बँकेतून निवृत्त झालोय. सहीपुरता तरी हात हवा. (डोंबिवली)

डाव्या हाताने एवढं पत्र लिहिलंत, मला फार बरं वाटलं. सगळे म्हणतात ते अर्धंच खरं आहे. सर्वांत वेगाने सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते, नंतर वेग मंदावतो. पण दार बंद होत नाही, आणि तुमचं मनगट हलतंय ही मोठी जमेची बाजू आहे.

चांगला हात मिटनमध्ये, म्हणजे सुटी बोटं नसलेल्या जाड हातमोज्यात, ठेवून दुखऱ्या हाताला दिवसाचे बरेच तास कामाला लावायचं, अशी एक पद्धत अमेरिकेत एडवर्ड टॉब यांनी रुजवली. त्यांच्या सुरुवातीच्या रुग्णांना झटका येऊन वर्षाहून अधिक काळ लोटला होता. पुढे 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एक्साइट चाचणीत, झटक्याला तीन ते नऊ महिने झालेल्या 222 रुग्णांवर ही पद्धत तपासली गेली आणि फायदा वर्षभरानंतरही टिकलेला दिसला. त्यासाठी मनगट आणि बोटं थोडी स्वतःहून वर उचलता यावी लागतात. तुम्ही त्यात बसता का, हे समोर पाहूनच सांगता येईल. चालताना तोल जात असेल तर चांगला हात बांधून मुळीच उठू नका.

तोवर सहीचाच सराव करा. जाड पेन, त्याला रबराचं वेटोळं, कागद चिकटपट्टीने टेबलाला घट्ट, कोपर टेबलावर टेकलेलं. आधी फक्त आडव्या रेघा, मग अर्धगोल, मग नावाचं पहिलं अक्षर. रोज थोड्या थोड्या वेळाने, थकवा येईपर्यंत नाही. बँकेत सही बदलून घेण्याची किंवा अंगठ्याची सोयही आहे, पण ती मागे ठेवा.

प्रश्न : सासूबाईंच्या मुठीला वास येतो. (वसई)

पावसाळ्यात हे फार होतं. वर सांगितलंय तशी मूठ हळू उघडून रोज धुवा आणि बोटांच्या बेचक्या अगदी कोरड्या करा. नखं कापा. तळहातात सुती कापडाची मऊ गुंडाळी ठेवा आणि दिवसातून दोनदा बदला. त्वचा लाल किंवा ओली दिसली तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. आणि हळू करूनही मूठ उघडतच नसेल, तर मुलुंडच्या ताईंना दिलेलं इंजेक्शनचं उत्तर तुमच्यासाठीही आहे.